मेसेज क्यू वापरून कोड लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेज क्यू म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्यासाठी मेसेज ठेवायची रांग, आणि ती सांभाळणारा मधला सर्व्हर म्हणजे ब्रोकर. खालची बरीचशी उत्तरं रॅबिटएमक्यू हा ब्रोकर आणि त्याच्याशी बोलणारी पायथनची पिका लायब्ररी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. जिथे काफ्का किंवा अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे. साधन कुठलंही असो, एक प्रश्न मात्र सगळीकडे विचारावाच लागतो: या क्षणी मेसेजची जबाबदारी कोणाकडे आहे? पाठवणाऱ्याकडे, ब्रोकरकडे, की घेणाऱ्याकडे? कोडच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी याचं उत्तर देता आलं पाहिजे. जिथे ते देता येत नाही, तिथेच मेसेज हरवतात.

थेट एपीआय कॉल करता येत असताना मध्ये क्यू कशाला?

थेट कॉलमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असाव्या लागतात. ऑर्डर नोंदवली की ग्राहकाला ईमेल जायचा आहे असं धरा. ईमेल पाठवणारी सेवा बंद असली, तर तिच्यापायी ऑर्डरही अडून राहते. मध्ये क्यू असली की ऑर्डरचा कोड मेसेज ब्रोकरच्या हवाली करून मोकळा होतो. ईमेलवाली प्रोसेस दहा मिनिटांनी उठली तरी काम तिची वाट पाहत पडून असतं. शिवाय अचानक गर्दी झाली तर ती क्यूमध्ये साठते आणि मागची यंत्रणा आपल्या गतीने उपसत राहते.

मग सगळीकडे क्यूच वापरावी का?

नाही. पासवर्ड बरोबर आहे का, वस्तू शिल्लक आहे का, अशी उत्तरं वापरकर्त्याला तिथल्या तिथे हवी असतात. ती कामं थेट कॉलचीच. आणि तुमच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीपासून असेल, कामंही बेताची असतील, तर नवा ब्रोकर सांभाळण्यापेक्षा एक साधं टेबल पुरतं. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, 'स्किप लॉक्ड' ही सोय आहे. एका वर्करने (कामं उचलून करणाऱ्या प्रोसेसने) उचललेली ओळ दुसरा वर्कर वाट न बघता ओलांडून पुढची घेतो. मी अजूनही लहान कामांसाठी आधी याचाच विचार करतो.

रॅबिटएमक्यू, काफ्का आणि एसक्यूएस यांत नेमका फरक काय?

रॅबिटएमक्यू २००७ साली आला. तो एर्लांग भाषेत लिहिलेला आहे आणि मुळात एएमक्यूपी हा प्रोटोकॉल बोलतो. तो प्रोटोकॉल २००३ च्या सुमारास जेपी मॉर्गन चेस या बँकेत आकाराला येऊ लागला होता. यातली क्यू खऱ्या अर्थाने रांग आहे: काम झाल्याची पोच मिळाली की मेसेज रांगेतून जातो.

काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झाला आणि २०११ मध्ये ओपन सोर्स झाला. त्याला रांगेपेक्षा वही म्हणणं जास्त बरोबर ठरेल. मेसेज शेवटी लिहिले जातात आणि वाचले म्हणून पुसले जात नाहीत. आपण कुठवर वाचलं याची खूण, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक कन्झ्युमर ग्रुप, म्हणजे मिळून वाचणाऱ्या वर्करचा गट, वेगळी ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये मेसेज १६८ तास, म्हणजे सात दिवस राहतात. तोच मेसेज पाच यंत्रणांना वाचायचा असेल, किंवा मागे जाऊन पुन्हा वाचायची गरज पडणार असेल, तर काफ्का घ्या. वर्करना कामं वाटायची असतील तर रॅबिटएमक्यू जास्त सरळ पडतो.

एसक्यूएसमध्ये सर्व्हर आपण सांभाळायचा नसतो. तिथे मेसेज स्वतःहून तुमच्याकडे येत नाहीत, मागून घ्यावे लागतात. एका मागणीत जास्तीत जास्त १० मिळतात. मागणी करताना २० सेकंदांपर्यंत थांबायची सोय आहे, ती जरूर वापरा. नाहीतर रिकाम्या क्यूवर फुकटचे हेलपाटे होत राहतात.

मेसेज पाठवायला किमान किती कोड लागतो?

चार पावलं. ब्रोकरशी कनेक्शन जोडा (नेहमीचा पोर्ट ५६७२), त्या कनेक्शनवर चॅनल (त्याच कनेक्शनमधली स्वतंत्र वाट) उघडा, क्यू जाहीर करा, आणि 'बेसिक पब्लिश' ला एक्सचेंजचं (मेसेज क्यूंमध्ये वाटणाऱ्या भागाचं) नाव, राउटिंग की (मेसेज कुठे जावा हे ठरवणारा शब्द) आणि मजकूर द्या. एक्सचेंजचं नाव रिकामं ठेवलं आणि राउटिंग की म्हणून क्यूचं नाव दिलं, की मेसेज थेट त्या क्यूत जाऊन पडतो.

प्रत्येक मेसेजसाठी नवं कनेक्शन उघडू नका. कनेक्शन जोडणं महागाचं काम आहे. एक उघडा आणि प्रोसेस चालू आहे तोवर तेच वापरा. आणि पिकाचं ब्लॉकिंग कनेक्शन एकाहून जास्त थ्रेडमधून वापरायचं नाही. तसं केलं तर चुका अशा विचित्र ठिकाणी दिसतात की मूळ कारण सापडायला दिवस जातो.

एक्सचेंज हा प्रकार कशासाठी?

पाठवणाऱ्याला क्यूंची नावं माहीत असायची गरज पडू नये म्हणून. तो मेसेज एक्सचेंजला देतो आणि तो कुठल्या क्यूंमध्ये टाकायचा हे एक्सचेंज ठरवतो. डायरेक्ट प्रकार राउटिंग की तंतोतंत जुळवतो, फॅनआउट जोडलेल्या प्रत्येक क्यूला प्रत देतो, टॉपिक नमुन्यावर जुळवतो, हेडर्स प्रकार मेसेजच्या हेडरवर. बहुतेक प्रकल्पांचं पहिल्या दोनांत भागतं.

पब्लिशची ओळ एररशिवाय पार पडली. मेसेज सुखरूप पोचला असं समजू का?

अजिबात नाही. एवढ्यावरून तुमच्या बाजूने तो नेटवर्ककडे सोपवला गेला इतकंच कळतं. जबाबदारी अजून तुमचीच आहे. ती ब्रोकरकडे गेली असं म्हणण्यासाठी चार गोष्टी लागतात आणि चारही लागतात.

क्यू 'ड्युरेबल' म्हणून जाहीर केलेली हवी, नाहीतर ब्रोकर रीस्टार्ट झाल्यावर क्यूच शिल्लक राहत नाही. मेसेजचा 'डिलिव्हरी मोड' २ हवा, नाहीतर क्यू राहते पण आतला मेसेज जातो. ही जोडी अनेकदा अर्धीच केलेली दिसते. तिसरं, चॅनलवर 'कन्फर्म डिलिव्हरी' चालू हवी. मग ब्रोकर प्रत्येक मेसेजची पोच पाठवतो, आणि टिकाऊ क्यूमधल्या टिकाऊ मेसेजची पोच तो डिस्कवर लिहिला गेल्यानंतरच येते.

चौथी गोष्ट म्हणजे 'मँडेटरी' खूण, आणि खरी मेख इथे आहे. राउटिंग की लिहिताना एक अक्षर चुकलं आणि मेसेज कुठल्याच क्यूशी जुळला नाही, तर रॅबिटएमक्यू तो टाकून देतो, आणि तरीही 'मिळाला' अशी पोच देतो. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे: त्याने मेसेज घेतला, नियम लावले, जागा सापडली नाही. मँडेटरी लावलं की असा मेसेज तुमच्याकडे परत येतो, आणि पिकामध्ये कन्फर्म चालू असेल तर सरळ एरर उठते. ही खूण मुळातच चालू असायला हवी होती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सर्व्हर बंद पडला तरी मेसेज वाचावा असं असेल तर 'कोरम क्यू' घ्या. या क्यू ३.८ आवृत्तीत आल्या आणि एकाच मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवतात. बहुसंख्य सर्व्हरनी तो लिहून घेतला की मगच पोच मिळते. जुन्या 'मिरर्ड क्यू' ४.० मध्ये काढून टाकल्या आहेत, तेव्हा जुन्या लेखांतली ती सेटिंग उचलू नका.

डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहायची आहे आणि मेसेजही पाठवायचा आहे. आधी काय करू?

दोन्ही क्रम चुकतात. आधी डेटाबेस लिहिला आणि पाठवण्याआधी प्रोसेस पडली, तर ऑर्डर आहे पण तिचा मेसेज कधीच निघणार नाही. आधी मेसेज पाठवला आणि मग डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) फसला, तर जी ऑर्डर अस्तित्वातच नाही तिचा ईमेल ग्राहकाला जाईल.

यावरचा उपाय 'आउटबॉक्स' नावाने ओळखला जातो. ऑर्डर ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच डेटाबेसच्या एका वेगळ्या टेबलात, पाठवायचा मेसेजही लिहून ठेवा. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. मग एक वेगळी प्रोसेस ते टेबल वाचून मेसेज पाठवते आणि ब्रोकरची पोच आली की ओळीवर खूण करते. ती प्रोसेस पोच आल्यावर पण खूण करण्याआधी पडली, तर मेसेज दुसऱ्यांदा जाईल. ते चालतं, कारण घेणाऱ्या बाजूला त्याची तयारी तशीही करावीच लागते.

घेणाऱ्या बाजूने पोच कधी द्यायची?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. काम पूर्ण झाल्यावर, आणि त्याचा परिणाम पक्का लिहिला गेल्यावर. त्याआधी नाही.

एका मेसेजचा प्रवास जवळून बघा. ब्रोकरने मेसेज वर्करला दिला, पण तो स्वतःकडे 'पोच बाकी' म्हणून धरून ठेवला आहे. वर्करने मजकूर वाचला, पीडीएफ तयार केली, ती साठवली, डेटाबेसमध्ये तिची नोंद केली, कमिट केलं (नोंद पक्की केली), आणि मग 'बेसिक अ‍ॅक', म्हणजे पोच, पाठवला. आता कमिटच्या आधी कुठेही वीज गेली असं समजा. कनेक्शन तुटतं, ब्रोकरला ते कळतं, आणि मेसेज दुसऱ्या वर्करकडे जातो. काहीही हरवलं नाही. कमिट झालं पण अ‍ॅक जायच्या आत वीज गेली, तर मेसेज पुन्हा येईल आणि काम दोनदा होईल. आता अ‍ॅक सुरुवातीला, मेसेज हातात पडताक्षणी द्या, आणि हाच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ब्रोकरने मेसेज पुसला, वर्कर मेला, आणि ते काम बाकी होतं हे आता जगात कोणालाच माहीत नाही.

'ऑटो अ‍ॅक' म्हणजे मेसेज पाठवताच ब्रोकरने पोच मिळाली असं धरणं. ही सुरुवातीलाच पोच देण्याचीच परिस्थिती, आणि तीही जास्त धोकादायक रूपात. मी काम करत होतो त्या एका टीममध्ये ईमेलच्या क्यूवर ऑटो अ‍ॅक चालू होता. डॅशबोर्डवर क्यू कायम रिकामी दिसायची आणि आम्हाला वाटायचं की वर्कर फार वेगाने काम करतोय. प्रत्यक्षात ब्रोकर सगळे मेसेज येतील तसे वर्करच्या मेमरीत ओतत होता, कारण पोचच नसल्यामुळे त्याला थांबवणारं काही नव्हतं. नवी आवृत्ती टाकण्यासाठी वर्कर रीस्टार्ट केला आणि मेमरीत जेवढे होते तेवढे सगळे गेले. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. ग्राहकांच्या तक्रारी आल्या तेव्हा कळलं.

काफ्कामध्ये पोचेच्या जागी ऑफसेट कमिट करायचा असतो, आणि बहुतेक क्लायंटमध्ये तो आपोआप, मूळ सेटिंगनुसार दर पाच सेकंदांनी होतो. वाचलेले मेसेज तुम्ही दुसऱ्या थ्रेडकडे सोपवून पुढे जात असाल तर तिथेही हीच फसगत होते. अशा वेळी आपोआप कमिट बंद करा.

तोच मेसेज दोनदा येतो. हा बग आहे का?

नाही. पोच हरवू शकते, आणि ती हरवली की ब्रोकरपुढे दोनच वाटा उरतात: पुन्हा पाठव, किंवा सोडून दे. हरवण्यापेक्षा दोनदा आलेला बरा, म्हणून चांगले ब्रोकर 'किमान एकदा' पोचवायचं वचन देतात. 'नेमका एकदाच' हे वचन नेटवर्कच्या पलीकडे, तुमच्या ईमेल सेवेपर्यंत किंवा बँकेच्या एपीआयपर्यंत, कोणताही ब्रोकर पाळू शकत नाही. एसक्यूएसची फिफो क्यू (क्रम राखणारी क्यू) दुबार मेसेज गाळते, पण पाच मिनिटांच्या खिडकीतच, आणि तेही पाठवणाऱ्या बाजूचे.

तेव्हा काम पुन्हा झालं तरी फरक पडू नये अशी रचना तुम्हीच करायची. 'शिल्लक १०० ने कमी कर' हा मेसेज दोनदा आला तर नुकसान होतं. 'ऑर्डर रवाना झाली अशी खूण कर' हा दहा वेळा आला तरी चालतो. पहिल्या प्रकाराला इलाज असा: पाठवतानाच प्रत्येक मेसेजला एक आयडी द्या. घेणाऱ्या बाजूला 'झालेले मेसेज' असं टेबल ठेवा आणि आयडीवर युनिक बंधन घाला. आयडीची नोंद आणि शिल्लक कमी करणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. नोंद आधीच असल्याची एरर आली की काम न करता पोच देऊन टाका. आयडी आधी तपासून मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये काम करू नका. दोन वर्कर एकाच क्षणी तपासतील आणि दोघांनाही 'नाही' असंच उत्तर मिळेल.

रॅबिटएमक्यू पुन्हा दिलेल्या मेसेजवर 'रीडिलिव्हर्ड' खूण करतो. ती सूचना म्हणून ठीक आहे, पण ती नाही म्हणजे मेसेज नवा आहे असं धरू नका. आउटबॉक्समधून दोनदा गेलेल्या मेसेजवर ती नसते.

प्रीफेच किती ठेवू?

प्रीफेच म्हणजे पोच न आलेले किती मेसेज एका वर्करकडे एका वेळी असू द्यायचे. काहीच सांगितलं नाही तर मर्यादा नसते, आणि शून्य लिहिलं तरी अर्थ 'अमर्याद' असाच होतो. मग पहिला वर्कर सगळी रांग स्वतःकडे ओढून बसतो आणि नंतर सुरू केलेले चार वर्कर हात चोळत राहतात. एक काम काही सेकंद चालत असेल तर १ ठेवा. कामं काही मिलिसेकंदांची असतील तर १ ठेवल्याने वेळ नेटवर्कवर जातो. तिथे ५० किंवा १०० पासून सुरुवात करा आणि मोजून बदला.

काम तासभर चालतं आणि मध्येच कनेक्शन तुटतं. का?

दोन वेगळी कारणं असू शकतात. पहिलं हार्टबीट: ब्रोकर आणि क्लायंट एकमेकांना जिवंत असल्याची खूण देत असतात, आणि रॅबिटएमक्यूचा नेहमीचा हार्टबीट ६० सेकंदांचा आहे. पिकाच्या ब्लॉकिंग कनेक्शनमध्ये तुमचं काम त्याच थ्रेडवर चालू असेल तर ही खूण जात नाही आणि ब्रोकर तुम्हाला मेलेला समजतो. हार्टबीट बंद करणं हा उपाय नव्हे. काम वेगळ्या थ्रेडवर करा आणि पोच मात्र 'अ‍ॅड कॉलबॅक थ्रेडसेफ' मार्गे मूळ थ्रेडवरूनच द्या.

दुसरं कारण पोचेची मुदत. रॅबिटएमक्यू मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटं वाट पाहतो, मग चॅनल बंद करून मेसेज परत रांगेत टाकतो. एसक्यूएसमध्ये हीच गोष्ट 'व्हिजिबिलिटी टाइमआउट' नावाने आहे: मूळ ३० सेकंद, जास्तीत जास्त १२ तास. ती मुदत कामापेक्षा कमी असेल तर तुमचं काम चालू असतानाच दुसरा वर्कर तेच काम सुरू करतो. तासभराचं काम असेल तर मला ते लहान तुकड्यांत मोडून प्रत्येक तुकड्याचा वेगळा मेसेज करणं केव्हाही जास्त पटतं.

एक मेसेज प्रत्येक वेळी फसतो आणि बाकीचे अडकतात. काय करू?

एरर आली की 'रीक्यू' करून परत टाकायचा, असा कोड बहुतेकांकडून पहिल्यांदा लिहिला जातो. रॅबिटएमक्यू असा मेसेज शक्य असेल तर त्याच्या मूळ जागीच, म्हणजे रांगेच्या पुढच्या टोकाला ठेवतो. तो लगेच पुन्हा येतो, पुन्हा फसतो, आणि ये रे माझ्या मागल्या. सीपीयू शंभर टक्क्यांवर आणि काम शून्य.

आधी एररचे दोन गट करा. मजकूरच बिघडलेला असेल, हवी ती माहितीच नसेल, तर हजार वेळा प्रयत्न करूनही काही होणार नाही. असा मेसेज रीक्यू न करता नाकारा आणि क्यूला 'डेड लेटर एक्सचेंज' लावून ठेवा. तो बाजूच्या क्यूत जाऊन पडेल आणि माणसाला बघता येईल. समोरची सेवा तात्पुरती बंद असेल तर पुन्हा प्रयत्न करा, पण थांबून, आणि दर खेपेला थांबायचा वेळ वाढवून. सगळे वर्कर एकाच क्षणी पुन्हा धडकू नयेत म्हणून त्या वेळेत थोडा यादृच्छिक फरकही मिसळा. कोरम क्यूमध्ये ४.० पासून पुन्हा देण्याची मर्यादा मुळातच २० आहे. तरी तिच्यावर विसंबू नका, खेपा स्वतः मोजा.

थांबण्यासाठी 'मेसेज टीटीएल', म्हणजे मेसेजची मुदत, लावलेली वेगळी क्यू वापरत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. साध्या क्यूमध्ये मुदत संपलेला मेसेज पुढच्या टोकाला आल्यावरच बाहेर पडतो. पुढे तासभराचा मेसेज बसला असेल तर मागचा दहा सेकंदांचा मेसेजही तासभर अडकतो. म्हणून दहा सेकंद, एक मिनिट, दहा मिनिटं अशी प्रत्येक मुदतीची वेगळी क्यू करा.

आणि डेड लेटर क्यूवर अलार्म लावा. कोणी बघत नसेल तर ती क्यू म्हणजे मेसेज हरवण्याचीच सावकाश रीत होते.

मेसेज पाठवले त्याच क्रमाने मिळतील ना?

एक क्यू, एक वर्कर, एकही रीट्राय नाही, तर हो. दुसरा वर्कर जोडला की क्रमाचा भरवसा गेला. काफ्कामध्ये क्रम एका पार्टिशनपुरता, म्हणजे वहीच्या एका भागापुरता, राहतो, म्हणून एका ऑर्डरचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये जावेत यासाठी ऑर्डरचा नंबर की म्हणून द्या. अनेकदा संपूर्ण क्रमाची गरज नसतेच. मेसेजमध्ये आवृत्तीचा क्रमांक घालून जुना आला तर सोडून देणं पुरतं.

मेसेजमध्ये काय काय घालावं?

आयडी, प्रकार, आवृत्ती, वेळ, आणि कामाला लागेल तेवढीच माहिती. मोठी फाइल स्टोरेजमध्ये ठेवून तिचा पत्ता पाठवा, रॅबिटएमक्यू ४.० मध्ये एका मेसेजची मूळ मर्यादा १६ एमबीच्या आसपास आहे, पण तिच्या जवळपासही जायची वेळ येऊ नये. डेटा साठवायची पायथनची 'पिकल' रीत वापरू नका: परक्या पिकलमधून उलगडताना कोणताही कोड चालवता येतो. जेसन पुरेसं आहे. नवी माहिती जोडताना जुनी नावं बदलू नका, कारण तुम्ही नवा कोड टाकता तेव्हा जुने मेसेज अजून रांगेत उभे असतात.

क्यू जाहीर करताना ४०६ एरर येते.

त्याच नावाची क्यू वेगळ्या सेटिंगने आधीच आहे. असलेली क्यू नव्याने जाहीर करून बदलत नाही. नव्या नावाची क्यू करा, वर्कर दोन्हीकडे लावा, जुनी रिकामी झाली की काढून टाका.

क्यूवर लक्ष कसं ठेवू?

रांगेत किती मेसेज आहेत यापेक्षा सर्वांत जुना मेसेज किती वेळ थांबला आहे हे जास्त सांगतं. दहा हजार मेसेज एका मिनिटात उपसले जात असतील तर काही बिघडलेलं नाही. तीनच मेसेज दोन तास उभे असतील तर बिघडलं आहे. सोबत 'पोच बाकी' चा आकडा बघा. तो प्रीफेचच्या मर्यादेला चिकटून बसला आणि हलेना, तर वर्कर कुठेतरी अडकले आहेत.

नवी आवृत्ती टाकताना वर्कर कसा थांबवू?

बंद व्हायचा सिग्नल आला की आधी नवे मेसेज घेणं थांबवा, हातातलं काम पूर्ण करा, पोच द्या, मग कनेक्शन बंद करा. ठरावीक वेळेत काम आटोपलं नाही तर पोच न देता बाहेर पडा. मेसेज दुसऱ्याकडे जाईल.

हे सगळं तपासू कसं?

वर्करमध्ये कमिट आणि अ‍ॅक यांच्या मध्ये मुद्दाम दहा सेकंदांची झोप घाला, मेसेज पाठवा, आणि त्या दहा सेकंदांत प्रोसेस 'किल -९' ने मारा. मग वर्कर पुन्हा सुरू करा. मेसेज परत आला पाहिजे आणि डेटाबेसमध्ये नोंद एकच दिसली पाहिजे. हाच प्रयोग पाठवणाऱ्या बाजूला करा: पब्लिश चालू असताना ब्रोकर बंद करून पुन्हा चालू करा आणि दोन्हीकडचे आयडी जुळवून बघा.